पुरून ठेवायचं किट: लाल पाउच, बरणी की ड्रेनेजचा पाइप?

आधी निकाल सांगून टाकतो. ऑनलाइन मिळणारं, लाल नायलॉनच्या पाउचमधलं 'सगळं एकातच' आपत्कालीन किट ट्रेकच्या सॅकमध्ये असू द्या. जमिनीत, गडग्यात (दगड रचून केलेल्या कुंपणात) किंवा दगडाच्या कपारीत वर्षभर लपवून ठेवायला ते चालत नाही. त्यातल्या तीन-चार वस्तू काढून घ्या आणि डबा वेगळा निवडा. डब्यांत पहिला नंबर 110 मिमीच्या एसडब्ल्यूआर पाइपचा, म्हणजे घराच्या सांडपाण्याला लावतात त्या राखाडी पीव्हीसी पाइपचा. दुसरा नंबर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातल्या रुंद तोंडाच्या एचडीपीई प्लास्टिकच्या बरणीचा. स्टीलचा डबा नापास. आणि डबा कुठलाही घेतलात तरी आतल्या सामानाचा पहिला शत्रू बाहेरचं पाणी नसतं. तुम्ही स्वतःच्या हाताने पुठ्ठ्यात, कापसात आणि कागदात भरून आत कोंडलेलं पाणी असतं.

हा खटाटोप कशासाठी, हेही स्पष्ट असावं. जुलै 2021 मध्ये चिपळूण आणि महाडला पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सामान घरासकट पाण्याखाली गेलं. त्याच महिन्यात तळियेला दरड कोसळली. अशा वेळी कपाटातलं किट कपाटाबरोबरच जातं. म्हणून दुसरं किट घराबाहेर, उंचावर, आपल्याच जागेत. एका माणसाला दोन दिवस तग धरता येईल एवढंच, साडेतीन लिटरमध्ये मावणारं.

लाल पाउचमध्ये काय असतं

बाजारातल्या बहुतेक पाउचची यादी एकाच साच्यातली: पॅराकॉर्डचं कडं, बटणाएवढा होकायंत्र, तारेची करवत, चकमकीची कांडी, शिट्टी, चंदेरी ब्लँकेट, तीन एएए सेलची टॉर्च, पत्त्याच्या आकाराचं 'अकरा कामांचं' हत्यार आणि पट्ट्यांचं एक पाकीट. वस्तूंचा आकडा जितका मोठा, तितकं पाउच शंकास्पद समजा. बँडेजची एकेक पट्टीही त्यात वेगळी मोजलेली असते.

ठेवण्यासारखं: चंदेरी ब्लँकेट, शिट्टी आणि चकमकीची कांडी. ब्लँकेट म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली सुमारे 12 मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म. वजन 50-60 ग्रॅम, दोन ठेवा. एकच लक्षात असू द्या, घड्यांवरचा मुलामा वर्षांनुवर्षांनी निघतो आणि थर एकमेकांना चिकटतात. वार्षिक तपासणीत एक घडी उलगडून बघा. शिट्टी गोळीविना असावी, कारण गोळीवाली चिखलाने मुकी होते. कांडीवरचा काळा थर पहिल्या वापराआधी खरवडावा लागतो. पण खरवडून ठेवू नका, तो थरच तिला गंजण्यापासून वाचवतो.

टाकून देण्यासारखं: तारेची करवत, जी ओल्या फांदीत अडकून पीळ पडला की तुटते. बटण-होकायंत्रही. आणि मुख्य म्हणजे टॉर्चमध्ये आधीच बसवलेले अल्कलाइन सेल. उष्णतेत ते गळतात, आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड स्प्रिंग खाऊन टाकतं आणि संकटाच्या रात्री हातात पांढऱ्या बुरशीसारख्या थराची नळी उरते. त्याऐवजी एका एए सेलवर चालणारी टॉर्च आणि दोन लिथियम एए सेल घ्या. हे रिचार्ज न होणारे, 1.5 व्होल्टचे. अल्कलाइनपेक्षा महाग पडतात, पण गळत नाहीत आणि वर्षानुवर्षं ताकद राखून असतात. सेल टॉर्चमध्ये घालू नका. कागदात न गुंडाळता छोट्या प्लास्टिक पिशवीत टॉर्चशेजारी ठेवा. पॉवर बँक तर नकोच: पडून डिस्चार्ज होते, उष्णतेत फुगते.

डबे

स्टीलच्या डब्याचं झाकण धान्याच्या भुंग्यांसाठी असतं, पाण्यासाठी नाही. क्लिपचे डबेही मातीत टिकत नाहीत, कारण क्लिपचा खिळा आधी गंजतो. कीटकनाशकाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी वापरू नयेत. लोणच्याची बरणी धुऊनही वास सोडत नाही आणि मुंग्या, घुशींना निमंत्रण मिळतं. गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग पाण्याला उत्तम, उंदराला नाही.

एचडीपीई बरणी दोन लिटरची, आतलं चपटं झाकण आणि वरचं आट्यांचं झाकण अशी दुहेरी घ्या. एचडीपीईतून वाफ फार कमी झिरपते, आपटल्यावर ती फुटत नाही. तक्रार दोन गोष्टींची. तोंड रुंद म्हटलं तरी बरणीच्या पोटापेक्षा लहानच, त्यामुळे टॉर्च आणि बँडेज फिरवून फिरवून घालावं लागतं. शिवाय घूस तिची कड कुरतडू शकते. गडग्यात किंवा कपारीत, वर दगड रचून ठेवायला ती पुरेशी आहे. मातीत पुरायची असेल तर पाइपच.

पाइपमध्ये दोन प्रकार येतात. टाइप ए पावसाच्या पाण्याला, 110 मिमीत भिंत किमान 2.2 मिमी. टाइप बी मैल्याच्या लाइनला, भिंत 3.2 मिमी. पुरण्यासाठी टाइप ए पुरतो. फावड्याचा घाव बसण्याची भीती असेल तर बी घ्या. प्लंबरकडे अर्धा मीटरचा तुकडा बहुतेकदा उरलेला असतोच. 40 सेंमी कापून घ्या, काप काटकोनात हवा. कापाची कड सँडपेपरने आतून-बाहेरून गुळगुळीत करा, नाहीतर झाकण बसताना सॉल्व्हंट सिमेंट त्या फुगवट्यावरून खरवडून निघतं आणि जोडात नाली राहते.

एका टोकाला एंड कॅप सॉल्व्हंट सिमेंटने कायमची बसवायची. दोन्ही पृष्ठभाग सँडपेपरने खरखरीत करा, पुसा, दोन्हींना सिमेंट लावा, ढकलताना पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. सोडलं की कॅप मागे सरकते. दुसऱ्या टोकाला आट्यांचं झाकण, म्हणजे प्लंबर ज्याला क्लीनआउट म्हणतात ते. त्याचं बूड चिकटवायचं, झाकण उघडं ठेवायचं. आता इथे बहुतेकांचं घाईने नुकसान होतं. सिमेंटमधल्या द्रावकाची वाफ पूर्ण जायला किमान एक अख्खा दिवस लागतो. पाइप त्याआधी भरला तर साखरेला, पाण्याच्या गोळ्यांना, अगदी कापसालाही तो वास कायमचा धरतो. दोन दिवस उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर उघडा ठेवा.

झाकणाच्या रबरी रिंगला व्हॅसलीन लावायची सवय मोडा. पेट्रोलियम जेलीने बरीच रबरं फुगतात आणि मऊ पडतात. सिलिकॉन ग्रीस वाटाण्याएवढं, पातळ लावा. आट्यांवर टेफ्लॉन टेप झाकण घट्ट होण्याच्या दिशेने, तीन-चार वेढे. उलट दिशेने गुंडाळलेली टेप पहिल्या फेऱ्यातच गोळा होते.

मग परीक्षा. पाइपमध्ये वर्तमानपत्राचा बोळा टाका, झाकण लावा आणि हात घालवेल इतक्या गरम पाण्याच्या बादलीत दगडाने दाबून बुडवा. आतली हवा फुगते. सांध्यातून बुडबुड्यांची माळ दिसली की गळती सापडली. बुडबुडे नसतील तर तसाच रात्रभर राहू द्या. पाणी थंड होताना आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढू पाहते. सकाळी कोरडा बोळा निघाला की पास. नुसत्या थंड पाण्यात बुडवून केलेली परीक्षा फसवी असते, कारण ठेवलेल्या जागी डबा असाच तापत आणि निवत राहणार आहे. 25 वरून 45 अंशांवर तापलेल्या बंद हवेचा दाब सुमारे 7 टक्के वाढतो, म्हणजे साधारण 70 सेंमी पाण्याच्या खांबाइतका. ऊन उतरलं की उलटा. पत्र्याच्या छपराखाली किंवा उघड्या कातळावर ठेवलेला डबा असाच रोज श्वास घेतो आणि एक दिवस सीलजवळचं पाणी आत ओढून घेतो. पुरलेल्या डब्याचा हा श्वास मंद असतो.

ओल कुठून येते

गणित करून पाहू. 30 अंशाला वाफेने भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम पाणी. आपल्या 3.5 लिटरच्या पाइपमध्ये कोकणातल्या दमट दिवशीही 0.1 ग्रॅमच्या आत. क्षुल्लक. पण 80 टक्के आर्द्रतेत ठेवलेला कापूस आणि पुठ्ठा वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं पाणी धरून बसतात. बँडेज, खोक्याचे पुठ्ठे, माहितीपत्रकं मिळून 150 ग्रॅम झाली, तर 15 ग्रॅम पाणी आत गेलं, म्हणजे तीन चहाचे चमचे. रात्री डबा थंड झाला की हेच पाणी टॉर्चच्या स्प्रिंगवर आणि सुरीच्या पात्यावर थेंब होऊन बसतं.

म्हणून पहिला नियम: एकही खोकं आत जात नाही. गोळ्यांच्या पट्ट्या, नाव आणि मुदतीची तारीख राहील एवढ्या कापून. दुसरा: वाळवणाच्या दिवसांत भरा. कुरडया आणि पापड ज्या उन्हात कडकडीत होतात, त्याच दुपारी. देशावर मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की बँडेज ताटात पसरून दोन तास ठेवलं तरी काम होतं. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी भरण्याचं काम घाटावरच्या नातेवाइकांकडे करावं, हे अतिशयोक्तीचं वाटेल, पण फरक पडतो. तिसरा: 20 ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. केशरी दाण्यांची घ्या, ओलावल्यावर ती हिरवट काळी होते. निळी नको, तिच्यातलं कोबाल्ट क्लोराइड विषारी असतं. पाकिटं आधी ओव्हनमध्ये 110-120 अंशावर दोन-तीन तास तापवून, गरम असतानाच बंद डब्यात. दुकानात उघड्या बरणीत ठेवलेली सिलिका भरून टाकणं म्हणजे ओला फडका आत ठेवण्यासारखंच. वीस ग्रॅम सिलिका साधारण चार ते सहा ग्रॅम पाणी धरते, पंधरा नाही. पुठ्ठे आत गेलेच तर तिलाही वाचवता येणार नाही.

आत काय

पाणी भरून ठेवायला जागा नाही. ते स्वच्छ करायची साधनं ठेवा. पुराचं गढूळ पाणी आधी तुरटीने बसवायचं, मग वरचं निवळ पाणी फडक्यातून गाळून त्यात क्लोरीनची गोळी टाकायची. क्रम उलटा झाला तर चिखल गोळीतलं क्लोरीन खाऊन टाकतो. तुरटीचा सुपारीएवढा खडा पुरतो, तो कधीच खराब होत नाही. पाण्यात फिरवून घासा, अर्धा-एक तास थांबा. सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेटच्या गोळ्या 20 ठेवा, मूळ पट्टीतच. एका गोळीला किती लिटर हे उत्पादनानुसार बदलतं, ते पट्टीवरच वाचा. गोळी विरघळल्यावर 30 मिनिटं थांबायचं. पट्टी फाटलेली असेल तर ती आत जाऊ देऊ नका, क्लोरीनची वाफ सुरीचं पातं आणि टॉर्चचे संपर्क गंजवते. द्रव क्लोरीनचे थेंब उष्णतेत ताकद गमावतात, म्हणून नको. सोबत एक लिटरची घडीची पिशवी आणि ओआरएसची एक-एक लिटरची चार पाकिटं.

खायला: 250 ग्रॅम खडीसाखर. सुमारे हजार किलोकॅलरी, ना खवट होते ना बुरशी धरते. गूळ हवेतलं पाणी ओढतो, चिक्कीतले दाणे उष्णतेत खवट होतात, चॉकलेटचं काय होतं ते सांगायला नको. फुटाणे 200 ग्रॅम ॲल्युमिनियमच्या पाउचमध्ये, पाउचचं तोंड इस्त्रीने डागून बंद करून. ते वर्षाने बदलायचे.

आग: चकमकीची कांडी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर लांबीच्या दहा पट्ट्या. ट्यूब ओली असली तरी पेटते, काळा धूर येतो, ओल्या लाकडाला धग लागायला पुरेसा वेळ जळते. फक्त ठिणगीने ती पेटत नाही, मधे नारळाचा काथ्या किंवा कापसाचा बारीक बोळा लागतो. देवघरातला कापूर ठेवण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. तो देणाऱ्याने वर्षभराने डबा उघडलेला नसतो. कापूर घनरूपातून थेट वाफ होतो, पुडीतून उडत राहतो आणि सगळ्या डब्याला वास. गॅसच्या लायटरवरही वर्षानुवर्षं भरवसा ठेवू नका.

औषधं: पॅरासिटामॉल 500 मिग्रॅच्या दहा गोळ्या, 10 सेंमीचं क्रेप बँडेज एक, गॉझ पाच पॅड, त्रिकोणी पट्टी एक, पोव्हिडोन आयोडिनची छोटी ट्यूब वेगळ्या बंद पाउचमध्ये, कारण ती गळतेच. हातमोजे नायट्राइलचे, लॅटेक्स चिकट होऊन फाटतात. रबरबँड कशालाच लावू नका, वितळून चिकटतात. सुती दोरा बांधा. रोजची औषधं, विशेषतः इन्सुलिन, इथे ठेवता येत नाहीत. ती हातातल्या पिशवीत.

याशिवाय 10 मीटर 4 मिमी नायलॉन दोरी, सामान बांधायला. तिला लटकायचं नाही. जाड काळी प्लास्टिक शीट दोन बाय दोन मीटर. छोटी सुरी, पात्याला खोबरेल नव्हे, मशीनचं तेल, कारण खोबरेल खवट होतं आणि थंडीत गोठतं. नोटा दहा, वीस, पन्नासच्या, एकूण पाचशे रुपये. मोठ्या नोटा नकोत: 8 नोव्हेंबर 2016 ला पाचशे-हजाराच्या नोटा एका रात्रीत बाद झाल्या, 2023 मध्ये दोन हजाराची मागे घेतली गेली, आणि पुरून ठेवलेल्या नोटेला बातमी कळत नाही. आधारची प्रत नको, डबा चुकीच्या हातात पडू शकतो. फोन नंबर पेन्सिलने लिहा, इंकजेटची शाई ओलीत पसरते. 112, 108 आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077. सॅटेलाइट फोनचा विचार सोडून द्या, परवान्याशिवाय तो भारतात बाळगता येत नाही.

भरणं

आधी पाइपच्या तळापासून तोंडापर्यंत आणि परत अशी नायलॉनची रुंद फीत टाका, दोन्ही टोकं तोंडाशी. तिच्यावर सामान रचायचं. उघडताना फीत ओढली की सगळं बाहेर सरकतं. फीत नसेल तर ओल्या बोटांनी 40 सेंमी खोल पाइपमधून बँडेज उकरत बसावं लागतं. तळाला फुटाणे, साखर, दोरी. मधे औषधं आणि पाण्याचं सामान. सर्वांत वर टॉर्च, सेल, शिट्टी, ब्लँकेट, सुरी आणि यादीचा कागद. सिलिका दोन भागांत, तळाला आणि तोंडाशी. रिकाम्या जागेत काळी शीट कोंबा, पेपर नाही.

बाहेर ठळक ऑइलपेंटने मराठीत लिहा: 'आपत्कालीन साहित्य. औषधं व पाणी शुद्धीकरण.' निनावी सीलबंद नळी कुणाला सापडली तर आधी पोलिस आणि मग बॉम्बशोधक पथक येतं, आणि त्यात त्यांची चूक नसते.

कुठे आणि कसं

वनखात्याच्या जमिनीत, अभयारण्यात किंवा किल्ल्यावर नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा दोन्ही आडवे येतात, आणि गडावर खणलेला प्रत्येक खड्डा काहीतरी उद्ध्वस्त करतो. आपली जागा, किंवा मालकाची परवानगी. 2021 च्या पाण्याची खूण जिथे होती तिच्यापेक्षा बरंच वर, आणि उतार सुटा, भुसभुशीत नसावा.

कोकणात गडगा ही सर्वांत सोयीची जागा. जांभ्याच्या चिऱ्यांतून पाणी निघून जातं, खणावं लागत नाही, दोन चिरे काढले की पाइप हातात. हात घालण्याआधी काठी घाला. विषारी फुरसे सापांनाही हीच जागा आवडते.

मातीत पुरायचं असेल तर 45 सेंमी खोल, खाली बोटभर खडी, पाइप आडवा, तोंडाची बाजू किंचित खाली. आट्यांशी पाणी साचलं तरी आतली हवा वरच्या बाजूला राहते. आणि हो, तो तरंगतो. 110 मिमीचा 40 सेंमी पाइप सुमारे 3.8 लिटर पाणी बाजूला सारतो, झाकणं धरून चारच्या पुढे. भरलेल्याचं वजन दोन किलोच्या आसपास. श्रावणात माती चिखल झाली की दोन किलोचा जोर त्याला वर ढकलत असतो. बेसाल्टचा दगडही पाण्यात साधारण एक तृतीयांश वजन गमावतो, म्हणून वर पाच किलोचा चपटा दगड, झाकणावर नाही, पाइपच्या मध्यावर.

खुणेला झाड धरू नका. जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत माडा-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. विहिरीचा कठडा, उंबऱ्याचा दगड, तुळशीवृंदावन अशा दोन न हलणाऱ्या वस्तूंपासून पावलांत अंतर, आणि घरातल्या आणखी एकाला ते तोंडपाठ. फोनचा जीपीएस झाडाखाली दहा-दहा मीटर चुकतो आणि त्या रात्री फोन चालू असेलच असं नाही.

दरवर्षी पुढच्या वाळवणाच्या हंगामात उघडा. फुटाणे, गोळ्या, ओआरएस मुदतीप्रमाणे बदला, सिलिका पुन्हा तापवा, टेप नवी गुंडाळा. दाणे केशरीच असतील तर सील धरून आहे. तळाचे केशरी आणि तोंडाचे हिरवे असतील तर झाकणाची रिंग बदला. सगळेच हिरवे, पण आत थेंब नाहीत, तर दोष पाइपचा नाही. गेल्या वर्षी कुठलं तरी खोकं आत गेलं होतं.